चाळीस डबे पुढे

बुधवार, ३ मे

सोमवारी लिहिलेलं चूक आहे. बावीस नाही. चौदा.

सोमवारी मी लिहिलं होतं, की इंजिनाकडचा पहिला खणका ऐकू आल्यापासून आपल्या वाटेवरचा डबा हलेपर्यंत बावीस आकडे मोजून होतात. वर त्याखाली रेघ मारली होती. रेघ! आज गाडी सुटली तेव्हा मी वाटेपाशीच उभी होते. लांब खाणीच्या बाजूला खणका झाला आणि नेहमीसारखा डब्याडब्यातून धावत आला. मी आईने शिकवलं तसंच मोजत होते, एका संथ श्वासाला दोन. चौदाला समोरचं चाक हललं.

ते पान फाडावंसं वाटलं. पण फाडलं तर चूक झालीच नव्हती असं होईल. लहानपणी लाकडी पाटीवर एक अक्षर चुकलं तरी आई सगळी पाटी धुवायला लावायची आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा. वही धुता येत नाही. असू दे.

हिशेब चुकला की मुळापासून मांडावा. तर: रिकामी गाडी दुपारी बंदराकडून येते. दोनशे दहा डबे. समोरून खाणीची भरलेली गाडी निघून जाईपर्यंत ती इथे अग्लेतला बाजूच्या रुळावर उभी राहते. कधी एक तास, कधी तीन. डोकं तिकडे आईच्या तंबूपाशी, शेपूट इकडे वस्तीच्याही पलीकडे. विहिरीकडून स्टेशनाकडे यायची वाट बरोबर एकशे सत्तराव्या डब्याच्या मागच्या टोकाखाली सापडते. मागे चाळीस डबे उरतात. त्यांना वळसा घालायचा तर मऊ वाळूत जाऊन-येऊन हजारावर पावलं. तेवढी पावलं अख्ख्या अग्लेतमध्ये फक्त मी चालते. बाकी सगळे — बायका, म्हातारे, शेळ्या, माझ्या वर्गातली मुलं — डब्याखालून.

आणि खरी गोष्ट लिहायची राहिलीच. बावीस हा आकडा मी मुलांना सांगितलाय. काल. फळ्यावर लिहून.

गुरुवार, ४ मे

मुलांना सांगितलं. बावीस पुसून चौदा लिहिले. उम्मूने हात वर केला. ही महजूबा मावशीची धाकटी, आठ वर्षांची.

"म्हणजे परवा आपण मेलो असतो?"

"परवा कुणी खाली असताना गाडी सुटली नाही."

"पण सुटली असती तर?"

"म्हणूनच चौदा लक्षात ठेवायचं. आणि शक्यतो खालून यायचंच नाही."

"शक्यतो म्हणजे किती वेळा?"

मी गणित घेतलं.

संध्याकाळी मावशीकडे चहा. मी तिच्याकडेच राहते, विहिरीच्या बाजूला; वर्ग रुळापलीकडे, स्टेशनाच्या बाजूला भरतो. आईच्या तंबूवरून वर्गाला रोज यायचं तर वाळूतून पाऊण तास चालावं लागतं. मावशीने दुसरा पेला ओतता ओतता विचारलं, "काय मास्तरीणबाई, आठ आकडे कुठे गेले? उंदरांनी खाल्ले?"

"मावशी, चेष्टा नको. मुळात खालून जायचंच नाही."

"मग दुकानात काय उडून जाऊ? अगं, गाडी आली त्या वर्षापासून आम्ही खालून जातोय. माझी आजी जायची, डोक्यावर पाण्याची कातडी पिशवी घेऊन. बिस्मिल्ला म्हणायचं आणि वाकायचं. तिने कधी आकडा विचारला नाही कुणाला."

तीन पेल्यांशिवाय उठायची रीत नाही, पण तिसरा पेला घेतला नाही मी. त्यावरूनही बोलली.

शुक्रवार, ५ मे

आईकडे. ताक-साखरेचं पाणी, खजूर, झोप. आईने माझे डोळे बघितले आणि म्हणाली, "पुन्हा काहीतरी मोजतेयस." गाडी आली, इंजिन दाराशी उभं राहिलं, आई दुधाचा वाडगा घेऊन गेली, परत आली.

रविवार, ७ मे

एकोणीस.

सोमवार, ८ मे

नऊ! नऊ!! श्वास बरोबर होता, मी धावून आले नव्हते, नीट उभी होते. काल एकोणीस, आज नऊ. गाडी तीच, डबे तेवढेच (मोजले: दोनशे दहा). मग आकडा का बदलतो? हमूदभाऊंना विचारलं. स्टेशनात अकरा वर्षं कारकून आहेत, त्यांना माहीत असायला हवं.

"वारा असेल," म्हणाले.

"वाऱ्याचा काय संबंध?"

"मग उष्णता."

"भाऊ, तुम्ही अंदाज करताय."

"तू विचारतेयस म्हणून करतोय. नाहीतर कशाला केला असता?"

मंगळवार, ९ मे

अर्ज केला. आकड्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही हे रात्रभर विचार करून कळलं. गाडीच वाटेवरून हटली पाहिजे. बाजूचा रूळ गाडीपेक्षा लांब आहे. पुढच्या सांध्यापर्यंत साठेक डब्यांची जागा रिकामी पडलेली असते, मी स्वतः पावलांनी मोजली. इंजिन चाळीस डबे पुढे नेऊन उभं केलं की शेपूट वाटेच्या अलीकडे येईल. संपला प्रश्न. एक पैसा खर्च नाही. चाळीस डबे पुढे, बस!

हमूदभाऊंनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "'कृपया' दोनदा आलंय."

"एक काढते."

"नको, एक वाढव. बंदराचं कार्यालय आहे ते. आणि हे 'मुलं मरतील' काढ. 'गैरसोय होते' लिही."

"गैरसोय होत नाही, भाऊ. मरतील."

"मेलेलं त्यांना समजत नाही. गैरसोय समजते."

शेवटी दोन्ही लिहिलं. अर्ज उद्याच्या भरलेल्या गाडीच्या गार्डाबरोबर जाईल.

गुरुवार, ११ मे

वर्गाची वेळ बदलून पाहिली. गाडी दोनला येते, म्हणून वर्ग बाराला. गाडी साडेअकराला आली.

शुक्रवार, १२ मे

आईकडे गेले नाही. डोकं दुखत होतं.

शनिवार, १३ मे

पटापट लिहितेय, अक्षर वाईट येईल.

दुपारी वर्गात होते. मुलं आलेली होती, सगळी, मी मोजली होती. गाडी सुटल्याचा खणका झाला आणि पाठोपाठ वाटेकडून बायकांची ओरड. धावत गेले. महजूबा मावशी रुळाच्या या बाजूला वाळूत बसलेली. डोकं उघडं, अंगावर फक्त आतला झगा. तिचा मलहफा — निळा, नवा, चार मीटर कापड — चाकात अडकून अंगावरून सोलल्यासारखा निघून गेला होता आणि डब्याबरोबर फडफडत खाणीच्या दिशेने चालला होता. कुणीतरी आपली ओढणी तिच्यावर टाकली.

मला बघताच ती उठली.

"बारा!" किंचाळली. "मी बारापर्यंत मोजलं होतं! तू चौदा म्हणालीस! अजून दोन होते माझे!"

बायका हसायला लागल्या. तीही हसली. मग मलहफ्याची किंमत आठवून रडली. मग पुन्हा हसली — "माझ्या आधी माझे कपडे खाणीत कामाला लागले!" — आणि दुकानात निघून गेली, साबण आणायचा होता म्हणून.

मी तिथेच बसले. कापडाऐवजी पाय असता तर.

रविवार, १४ मे

हे नीट लिहायला हवं.

मावशीची आजी आकडा विचारत नव्हती. बिस्मिल्ला म्हणायची, वाकायची, आणि घाबरून पटकन बाहेर पडायची. मावशी काल बारापर्यंत मोजत खाली रेंगाळली, कारण तिची एक चप्पल खडीत अडकली होती आणि अजून दोन आकडे शिल्लक होते. ते दोन आकडे मी दिले होते.

सगळ्यांना धोका कळावा म्हणून मी मोजलं. त्यांनी त्याची सवलत केली.

आज घराघरात गेले. सांगितलं की आकडा नाही. चौदा नाही, बावीस नाही, कोणताच नाही, मी मोजलेलं सगळं विसरा. सलमा आजी म्हणाली, "आधी खरं सांगितलंस, आता भीती घालायला खोटं सांगतेस होय?" दुकानदार म्हणाला, "चौदा जास्त वाटत असेल तर दहा धरू. दहा ठीक आहे?" मी ओरडले. दुकानात ओरडले! म्हाताऱ्या माणसावर. परत जाऊन माफी मागितली. तेव्हा म्हणतो, "बरं, आठ."

मंगळवार, १६ मे

उत्तर आलं. पाठ झालंय, तरी उतरवून ठेवते:

"विषयांकित अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर ठिकाणी गाडी नेहमीच्या खुणेवर थांबविण्यात येते. सदर खूण बदलण्याचा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही."

"कोणती खूण?" मी हमूदभाऊंना विचारलं.

"थांबायची खूण. असेल ना काहीतरी. पांढरा पिंप, नाहीतर पाटी."

"तुम्ही पाहिलीय?"

"मी कशाला त्या टोकाला जातोय?"

अकरा वर्षं! ओढत नेलं त्यांना. भर उन्हात एक तास चालत गेलो, रुळाच्या दोन्ही बाजू बघत. सापडलं ते असं: एक फाटका टायर, शेळीचा सांगाडा, सार्डिनचे डबे मोजून सहा, एक काळा दगड. दगड हमूदभाऊंना पसंत पडला. "हीच खूण," म्हणाले. मी दगड उलटा केला. खाली विंचू. पुढे आईच्या तंबूत पाणी प्यायलो आणि परत आलो. आई हसत होती आम्हाला. कशाला हसतेस म्हटलं तर म्हणाली, "उन्हात दगड उलटे करणाऱ्यांना हसू नको तर काय करू?"

बुधवार, १७ मे

आज वर्गाला सुट्टी देऊन गाडी यायच्या आधी पुन्हा त्या टोकाला गेले. ड्रायव्हरलाच विचारायचं ठरवलं. आज मौलूदकाका होते, सगळ्यात जुने. इंजिनावरून उतरले, सावलीत बसले, आईने दिलेला वाडगा एका दमात संपवला आणि चहा मांडला. मी वही काढली. नऊ, चौदा, एकोणीस, बावीस, सगळं सांगितलं.

"कुणी मोजलं हे?"

"मी."

"चांगलं मोजलंस." त्यांनी खिशातून जपाची माळ काढली. दोरा सैल धरला आणि एका टोकाला ओढला. मणी एकामागून एक सरकत गेले — टक् टक् टक्. "गाडी अशी सैल थांबली असली की हे असं. एक डबा दुसऱ्याला ओढतो, आवाज मागे धावतो, तुला मोजायला वेळ मिळतो." मग दोरा ताणून धरला आणि पुन्हा ओढला. सगळी माळ एकदम हलली. आवाज नाहीच. "आणि मी ताणून थांबवली असेल तर हे असं."

"मग त्या दिवशी किती मोजायचे?"

"एकही नाही, पोरी. इंजिन हललं की शेपूट हललं."

"आणि गाडी सैल थांबलीय की ताणलेली हे बाहेरून कसं कळतं?"

"मलाच सुटताना कळतं."

मग म्हटलं की काका, मग तुम्ही चाळीस डबे पुढे का थांबत नाही? जागा आहे. तर म्हणे, खूण इथे आहे ना.

"कुठे आहे? काल दोघांनी शोधली! दगड उलटे केले!"

मौलूदकाकांच्या नाकातून चहा आला. खोकत, डोळे पुसत त्यांनी पेल्याने तंबूकडे दाखवलं. आई दारात उंटिणीच्या पायाची दोरी सोडत होती.

"ती काय खूण. तक्बरचा तंबू. खिडकीत तंबूचा खांब दिसला की ब्रेक. मी लावली ही पद्धत, तुझ्या आईने इथे तंबू ठोकला त्या वर्षी. दूध चांगलं होतं. मग मी शिकवलेल्या पोरांनी तेच केलं, त्यांनी पुढच्यांना सांगितलं. आता नऊ ड्रायव्हर आहेत. अर्ध्यांना कारणही माहीत नाही."

बंदराच्या कार्यालयाने मला लेखी कळवलंय की माझ्या आईचा तंबू बदलण्याचा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही!

हसावं की काय करावं. अडीच किलोमीटरची गाडी. चार इंजिनं. मी तीन पानी अर्ज केला. आणि हलवायचं काय, तर शेळ्यांच्या केसांचं कापड आणि चौदा खुंटे.

गुरुवार, १८ मे

उद्या आईला सांगते. ती हो म्हणेल. वर्षातून दोनदा तंबू हलवणाऱ्या आईबापांची मुलगी ती. पाचशे पावलं म्हणजे काय तिला!

शुक्रवार, १९ मे

नाही म्हणाली.

सगळं नीट सांगितलं, क्रमाने. माळ सुद्धा करून दाखवली, तिच्याच गळ्यातली. ती ऐकत होती, हात धुतले, उंटिणीच्या कासेला हात लावला, दूध काढायला लागली.

"मौलूदला सांग ना पुढे थांबायला."

"ते नऊ दिवसांतून एकदा येतात, आई. बाकीचे आठ जण खिडकीत खांब शोधतात."

"मग त्या आठांना सांग."

"गार्डाकडून निरोप आला, मौलूदकाकांनी त्यांना सांगून बघितलं म्हणे. त्या आठांनी विचारलं, पोरीच्या सांगण्यावरून तिच्या आईचं दूध सोडायचं का?"

यावर ती हसली. खूष झालेली दिसली. मला राग आला.

"पाचशे पावलं आई! तीच वाळू, तीच झुडपं. दूध तिकडेही देशील. गाडी तिकडेही तुझ्याच दाराशी थांबेल."

"थांबेल," ती म्हणाली. "पण मग मी तिच्या सोयीने बसलेली असेन. आत्ता ती माझ्या सोयीने थांबते."

"त्याने काय फरक पडतो?"

तिने लाकडी वाडगा खाली ठेवला. "तुझ्या बापाने मला सोडलं तेव्हा मी माझा तंबू उंटावर घालून इथे आले. बायकांनी ढोल वाजवून स्वागत केलं, नवऱ्याने सोडलेली बाई परत आली की तशी रीत आहे म्हणून. पण मनात म्हणत होत्या की बघू किती दिवस राहते एकटी. मी मुद्दाम वस्तीपासून लांब ठोकला. तिसऱ्या आठवड्यात ही एवढी गाडी येऊन दाराशी थांबली. अकरा वर्षं झाली. रोज थांबते. तुझा बाप माझ्यासाठी एकदाही थांबला नव्हता."

"पण मुलं—"

"मुलांना वळसा घालायला शिकव. मास्तरीण तू आहेस."

तिचं म्हणणं चूक आहे एवढं माहीत आहे, पण ते खोटं नाही. चूक आणि खोटं यांतला फरक तिनेच शिकवला होता मला. वैताग!

सोमवार, २२ मे

मौलूदकाकांनी न दिलेला शब्द पाळला. कुणाच्या तरी बदल्यात आज त्यांची पाळी होती, आणि इंजिन आईच्या तंबूवरून सरळ पुढे गेलं. पूर्ण चाळीस डबे. इकडे शेपूट वाटेच्या अलीकडे थांबलं. वाट मोकळी! मुलं सरळ चालत आली, उभी, वाकल्याशिवाय. उम्मू तर तीनदा गेली आली, उगाच. सलमा आजी वाटेवर थांबून विचारत होती, गाडी आज छोटी आहे का?

मला इतका आनंद झाला की संध्याकाळी आईकडे गेले, सांगायला.

ती तंबूत आडवी होती, तोंड कापडाकडे. शेजारच्या गुराख्याने सांगितलं, की इंजिन पुढे गेलं तेव्हा तक्बर वाडगा घेऊन दारात उभी होती. तशीच उभी राहिली. मौलूदकाका पाचशे पावलं चालत मागे आले, दूध घेतलं, माफीसारखं काहीतरी बोलले. तिने वाडगा परत घेतला, घासला आणि आत जाऊन आडवी झाली.

मी जवळ बसले. तिचा पाय दाबू लागले, तिने पाय आखडून घेतला.

मंगळवार, २३ मे

आज दुसरा ड्रायव्हर. इंजिन पुन्हा तंबूपाशी. वाट पुन्हा बंद. सगळे पुन्हा वाकले. कुणाला काही वाटलं नाही. एक दिवस वाट मोकळी होती ती जणू सणाची सुट्टी!

बुधवार, २४ मे

उम्मू गाडीखाली सापडली. जिवंत आहे. आधी हे लिहिते: जिवंत आहे, हातपाय शाबूत आहेत, झोपली आहे. मी दोनदा हात लावून पाहिला.

मी माझ्या वळशावर होते, शेपटाच्या डब्याला वळून इकडच्या बाजूने येत होते. डब्यांखालून पलीकडे वाटेवर उम्मूची लोंबती वेणी दिसली, ती वाकली, आत गेली. मी रोजच्यासारखी ओरडणार होते. खणका झालाच नाही. काहीच आवाज नाही. सगळे डबे एकदम चालायला लागले, एखादी भिंत चालावी तशी.

मी धावले. ती पुढे, आणि गाडीही तिकडेच चाललेली. डबे माझ्या बाजूने जात होते आणि मी त्यांच्याबरोबर धावत होते, आणि मोजत होते. मोजत होते! का, माहीत नाही. तोंडातून आपोआप. मी पोचले तेव्हा एकवीस डबे तिच्यावरून गेले होते आणि मागे एकोणीस उरले होते. चाकांमधून ती दिसत होती. रुळांच्या मध्ये पालथी, हात अंगाला चिकटवून, गाल खडीवर. तिच्या पाठीवरून लोखंड जात होतं. मी "हलू नकोस" ओरडत होते, तिला ऐकू जात नव्हतं.

शेवटचा डबा गेला. ती हलली नाही. मी तिला उलटी केली. तोंडात वाळू, डोळे उघडे.

"मी मोजलं नाही," म्हणाली. "तुम्ही म्हणालात आकडा नाही, म्हणून मी लगेच झोपले."

मावशी आली. तिने उम्मूला एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग छातीशी धरून खाली बसली ती उठेना. तिने मलाही बोलावं म्हणून मी वाट बघत उभी होते.

गुरुवार, २५ मे

पहाटेच आईकडे गेले. सगळं सांगितलं. उम्मू तिची भाची आहे, तिच्या मांडीवर वाढलेली. आईचा चेहरा पांढरा पडला. दुधाचा वाडगा दोन्ही हातांनी धरून बसली होती, दूध हिंदकळत होतं.

तिने वाडगा खाली ठेवला.

"विचार करते," म्हणाली.

"आई!"

"म्हटलं ना, विचार करते."

तिचा विचार मला माहीत आहे. माझ्या लग्नाचा विचार ती चार वर्षं करतेय. उंटीण विकायचा सहा. दुपारी दोनला इंजिन आलं, ती वाडगा घेऊन गेली. तरी गेली.

शनिवार, २७ मे

वर्गात नऊच मुलं. उम्मू येते आहे. मावशी तिला हात धरून वळशाने आणते, आणि वाटेत तोंडाचा पट्टा चालू असतो. बाकीच्या आयांनी दोन-तीन दिवस वळसा घातला. आज दोघी पुन्हा खालून. "घाई होती," म्हणाल्या. एकीने वर हेही सांगितलं, की आता पद्धत कळली ना, गाडी सुटली तर पालथं झोपायचं!

झोपायचं! माझा आकडा गेला, आता उम्मूचं झोपणं आलं.

मावशी रात्री जवळ येऊन बसली. "तक्बर रविवारी जातेय ना, मामाकडे बारशाला? मंगळवारी संध्याकाळी येईल. मी उंट आणते. आपण दोघी सोमवारी तंबू काढू आणि पुढे ठोकू. दुपारच्या आत होईल. ती येईल तेव्हा गाडी दोनदा तिकडे थांबलेली असेल. मग ती काय करणार?"

"तिचा तंबू आहे मावशी. बाईचा तंबू तिच्या मागे काढायचा?"

"मग तिच्या पुढे काढ!" वैतागून म्हणाली आणि उठून गेली.

रविवार, २८ मे

आई गेली. मंगळवारी येईल.

सोमवारी नाही. मावशीला सांगितलं, उंट बुधवारी हवा.

बुधवार, ३१ मे, सकाळी नऊ वाजता. आई तंबूत असेल. आधी तिला सांगेन, मग पहिला खुंटा उपटेन. तिने मला मारलं तर मार खाईन आणि दुसरा उपटेन. चौदा आहेत. दोनच्या आत पाचशे पावलं पुढे.